पिशवीतल्या कागदांपासून सुरुवात: नाशिकमध्ये दुर्बल घटकांचे धंदे आणि व्यवसाय कायदे यांवर संशोधन करणाऱ्या नवख्यांसाठी

"ताई, वंचितांच्या उद्योजकतेवर संशोधन करायचंय, सुरुवात कुठून करू?" एलएलएम, एमबीए, समाजकार्य, वाणिज्य अशा वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी हा प्रश्न घेऊन येतात. माझी पीएचडी याच विषयावर झाली. पहिलं जवळजवळ दीड वर्ष मी चुकीच्या टोकापासून चालले होते. आधी कायदे वाचले, त्यावरून प्रश्नावली केली आणि ती घेऊन बाजारात गेले. बाजारातल्या बायकांना माझे प्रश्न कळले नाहीत, मला त्यांची उत्तरं कळली नाहीत. नंतर क्रम उलटा केला आणि काम पुढे सरकलं. तुमचं दीड वर्ष वाचावं म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

1. आधी माणसं ठरवा, विषयाचं नाव नंतर

'दुर्बल घटकांची उद्योजकता आणि व्यवसाय कायदे: एक चिकित्सक अभ्यास' असा विषय घेऊन मार्गदर्शकांकडे जाऊ नका. दुर्बल घटक म्हणजे नेमकं कोण? पथविक्रेत्या, आदिवासी बचत गट, दिव्यांग, तृतीयपंथी, एकल महिला, स्थलांतरित मजूर, सगळ्यांना लागू होणारे कायदे वेगळे आहेत. दोन गट घेतले तरी काम दुप्पट होतं. एम.ए. किंवा एलएलएमच्या प्रबंधिकेसाठी एक गट, एक धंदा, एक परिसर पुरे. पीएचडीसाठी दोन गटांची तुलना चालते, पण ती का करताय याचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे.

नाशिक या विषयासाठी फार समृद्ध जागा आहे. शहरात गोदाघाट, मेनरोड, रविवार कारंजा, भद्रकाली, नाशिक रोड इथले पथविक्रेते आहेत. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींभोवती डबे करून देणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, कारखान्यांचं छोटं जॉबवर्क घरी करणाऱ्या बायका आहेत. येवल्यात पैठणी विणणारे आहेत. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण भागांत नागली (नाचणी), मोह आणि इतर वनोपजावर काम करणारे गट आहेत. शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ, आदिवासी विकास महामंडळ आणि आदिवासी विकास आयुक्तालय या तिन्ही राज्यस्तरीय कार्यालयांचं मुख्यालय नाशिकमध्येच आहे. दुसऱ्या जिल्ह्यातल्या संशोधकाला ज्यासाठी प्रवास करावा लागतो, ते तुम्हाला शहर बसने गाठता येतं.

शब्दांचंही इथेच ठरवून घ्या. 'उद्योजक' हा आपला शब्द, त्यांचा नाही. मी एका मावशींना विचारलं, "तुम्ही स्वतःला उद्योजक समजता का?" त्या म्हणाल्या, "नाही बाई, मी भाजी विकते." पण रोज पहाटे बाजार समितीत जाऊन शेकड्यावर कोथिंबीर घ्यायची, जुड्या सोडून लहान करायच्या, सकाळचा भाव आणि संध्याकाळचा भाव वेगळा ठेवायचा, उरलेला माल कुणाला आणि कितीला द्यायचा हे ठरवायचं, ही सगळी उद्योजकताच आहे. तेव्हा बोलताना 'धंदा' म्हणा. प्रबंधात 'उद्योजकता' लिहायची असेल, तर त्या शब्दात तुम्ही काय काय धरलंय ते पहिल्या प्रकरणातच सांगा.

2. पिशवी उघडायला लावा

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे.

मी बुधवारच्या बाजारात ज्या मावशींशी पहिल्यांदा नीट बोलले, त्या गोणपाटावर बसून वांगी, मिरच्या आणि हरभऱ्याची भाजी विकत होत्या. गोणपाटाच्या खाली साडीच्या दुकानाची एक जुनी पिशवी होती, तोंडाला रबर गुंडाळलेलं. मी कायद्याचं काही विचारलंच नाही. "मावशी, धंद्याचे काही कागद आहेत का तुमच्याकडे?" एवढंच म्हटलं. त्यांनी पिशवी काढली आणि एकेक कागद वांग्यांवर ठेवत गेल्या. लॅमिनेशन केलेलं आधार कार्ड. पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणाची चिठ्ठी, शाई इतकी उडालेली की नंबराचे शेवटचे दोन आकडे वाचता येत नव्हते. बँकेचं पासबुक, त्यात दहा हजारांचं कर्ज. कुणीतरी मोबाइलवरून काढून दिलेलं 'उद्यम'चं (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) प्रमाणपत्र आणि त्या कामाचे पैसे घेतल्याची हाती लिहिलेली पावती. सगळ्यात खाली, पूर्वी त्या दुसऱ्या एका शहरात बसायच्या तिथली दंडाची पावती. त्यावर रक्कम होती, सही होती, पण कोणता माल उचलला याचा एक शब्दही नव्हता. "दोन पाट्या टमाटे होते," त्या म्हणाल्या, "लिहिलं नाही कुणी."

त्या दिवशी घरी येऊन मी त्या कागदांच्या वेगवेगळ्या नोंदी केल्या आणि प्रत्येकीसमोर एक कायदा लिहिला. पुढे माझ्या प्रबंधाची प्रकरणं त्यातूनच झाली.

तुम्हीही तसंच करा. प्रत्येक व्यक्तीसाठी एक पान घ्या आणि चार रकाने आखा: कोणता कागद आहे, तो कुणी दिला, त्याने प्रत्यक्षात काय मिळालं, कायद्याप्रमाणे काय मिळायला हवं होतं. चौथा रकाना बाजारात भरू नका. तो घरी, कायदा समोर ठेवून भरायचा. नसलेले कागदही लिहा. कुणाकडे एकही कागद नसेल, तर तीही मोठी नोंद आहे.

एक खबरदारी घ्या. कागदाचा फोटो काढायचा असेल तर आधी विचारा आणि आधार क्रमांक, खाते क्रमांक, मोबाइल नंबर झाकूनच काढा. मी सुरुवातीला हे केलं नव्हतं आणि नंतर शेकडो फोटोंवरचे आकडे एकेक करून पुसत बसले.

3. कागदावरून कायद्याकडे

सर्वेक्षणाची चिठ्ठी तुम्हाला पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, 2014 कडे घेऊन जाते. हा कायदा संपूर्ण वाचा, तो लहान आहे. कलम 3 प्रमाणे दर पाच वर्षांतून किमान एकदा सर्वेक्षण व्हायला हवं, आणि ते पूर्ण होऊन सगळ्यांना विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणालाही हटवता येत नाही. कलम 18 मध्ये हटवण्याआधी 30 दिवसांची नोटीस आहे. कलम 19 प्रमाणे जप्त मालाची यादी देणं बंधनकारक आहे. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल कामकाजाच्या दोन दिवसांत परत मिळायला हवा. मावशींच्या त्या पावतीवर टमाट्यांचा उल्लेख नव्हता, याचं कायदेशीर वजन हे कलम वाचल्यावर कळतं. कलम 20 तक्रार निवारणाचं, कलम 22 नगर पथविक्रेता समितीचं. या समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला हव्यात.

या कायद्याआधीचे निकालही वाचावे लागतील. ओल्गा टेलिस (1985) या निकालात उपजीविकेचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद 21 मध्ये धरला गेला. सोदान सिंग (1989) मध्ये रस्त्यावर विक्री करणं अनुच्छेद 19(1)(छ) खाली येतं, पण त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. गैंडा राम (2010) आणि महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियन (2013) हे त्यापुढचे टप्पे. मूळ निकाल वाचा, कुणीतरी काढलेला सारांश नको. ओल्गा टेलिसमध्ये याचिकाकर्त्यांना हटवायला अखेर परवानगीच मिळाली होती, हे सारांशांमधून बऱ्याचदा गळतं.

पासबुकातलं दहा हजारांचं कर्ज बहुधा पीएम स्वनिधीचं, म्हणजे पथविक्रेत्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या कर्जयोजनेचं निघेल. ही योजना जून 2020 मध्ये सुरू झाली तेव्हा कर्ज 10 हजारांचं होतं, नंतर 20 आणि 50 हजारांचे पुढचे टप्पे आले. 2025 मध्ये पहिले दोन टप्पे 15 आणि 25 हजारांचे झाले. मुलाखतीतलं कर्ज कोणत्या वर्षीचं आहे ते लिहून ठेवलं नाही, तर तुमचे आकडे एकमेकांत मिसळतील.

'उद्यम' प्रमाणपत्र सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 कडे नेतं. इथे एक सापळा आहे आणि मी त्यात अडकलेल्या दोन प्रबंधिका पाहिल्या आहेत. कलम 15 प्रमाणे खरेदीदाराने सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर कलम 16 प्रमाणे बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. हे वाचून विद्यार्थी लिहितात की उद्यम नोंदणी असलेल्या भाजीवालीलाही हा हक्क आहे. तो नाही. किरकोळ आणि घाऊक विक्रेत्यांना जुलै 2021 मध्ये उद्यममध्ये घेतलं, पण केवळ प्राधान्य क्षेत्रातल्या (बँकांनी ठरावीक प्रमाणात द्यायलाच हव्या अशा) कर्जापुरतं. म्हणजे नागलीचे पापड करून दुकानाला देणारी बाई 45 दिवसांचा हक्क सांगू शकते आणि तेच पापड विकत घेऊन गाडीवर विकणारी सांगू शकत नाही. उद्यमचं प्रमाणपत्र मात्र दोघींकडे असू शकतं. उद्योगाचा वर्ग ठरवणाऱ्या मर्यादाही 1 एप्रिल 2025 पासून बदलल्या आहेत. सूक्ष्म उद्योगासाठी आता गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल 10 कोटींपर्यंत चालते. जुन्या पुस्तकातला आकडा उचलू नका. आणि उद्यम नोंदणीला सरकारी शुल्क नाही, त्यामुळे पिशवीतली ती 'नोंदणी फी'ची पावतीसुद्धा तुमच्या अभ्यासाची सामग्री आहे.

माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोलाचा प्रश्न या दोन कायद्यांच्या मधल्या फटीत आहे. 2014 च्या कायद्यात प्रमाणपत्रासाठी विक्रेत्याला लिहून द्यावं लागतं की मला उपजीविकेचं दुसरं साधन नाही, मी किंवा माझ्या घरचेच बसतील आणि ही जागा मी कुणाला भाड्याने वा अन्य प्रकारे देणार नाही. म्हणजे हा कायदा तिच्याकडे पोट भरणारी व्यक्ती म्हणून बघतो. 2006 चा कायदा त्याच बाईला 'उद्योग' म्हणतो आणि मोठं व्हायला सांगतो. ती खरंच मोठी झाली, दुसरी गाडी लावली, दोन माणसं कामाला ठेवली, तर पहिल्या कायद्याचं संरक्षण डळमळीत होतं. प्रमाणपत्र हस्तांतरित होत नाही, म्हणून वीस वर्षांत कमावलेल्या गिऱ्हाइकीला कायद्याच्या नजरेत किंमत नाही. तारण म्हणूनही ते चालत नाही. विक्रेता वारला किंवा कायमचा अपंग झाला, तर प्रमाणपत्राची मुदत असेपर्यंत जोडीदाराला किंवा अवलंबून असलेल्या मुलाला बसता येतं, त्यापुढे नाही. यावर मराठीतून काम व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आदिवासी भागात गेलात तर वनहक्क कायदा, 2006 चं कलम 3(1)(ग), म्हणजे गौण वनोपजावरची मालकी, आणि पेसा कायदा, 1996 (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा) हा पाया आहे. बचत गटाला स्वतःचं कायदेशीर व्यक्तिमत्त्व नसतं, त्यामुळे ऑर्डर कुणाच्या नावाने घ्यायची आणि पैसे बुडाले तर दावा कुणी लावायचा हा रोजचा प्रश्न असतो. त्याला सहकारी संस्था, उत्पादक कंपनी, भागीदारी असे पर्याय आहेत. भागीदारी घेतलीत तर 1932 च्या कायद्याचं कलम 69 वाचा. दोघी जावा मिळून मिसळीची गाडी चालवत असतील आणि भागीदारी नोंदलेली नसेल, तर थकलेल्या बिलासाठी फर्मच्या नावाने दिवाणी दावा लावता येत नाही. दिव्यांगांसाठी 2016 च्या कायद्यातलं कलम 13 (स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः करण्याचा आणि कर्ज मिळवण्याचा हक्क) आणि कलम 37 (व्यवसायासाठी सवलतीच्या दराने दिल्या जाणाऱ्या जागेत पाच टक्के आरक्षण) बघा.

4. प्रवेश आणि मार्गदर्शक

इथे फार लिहीत नाही, कारण वेळापत्रकं आणि नियम दर वर्षी थोडे बदलतात. विद्यापीठाची ताजी सूचना हाच खरा आधार. जिल्ह्यातली बहुतेक महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ तर नाशिकमध्येच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं असतात. महिलांना आणि 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षं मिळू शकतात. नोकरी करून अर्धवेळ पीएचडीही करता येते, त्यासाठी नियोक्त्याचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (इतर मागास व भटके-विमुक्त) आणि टीआरटीआय (आदिवासी) या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींची जाहिरात आली की मुदत लगेच वहीत लिहा. जातीचा दाखला हाताशी असतो, पण वैधता प्रमाणपत्रावाचून अर्ज अडकतात.

मार्गदर्शक निवडताना त्यांचा विषय नेमका जुळतो का एवढंच पाहू नका. त्यांनी स्वतः क्षेत्रकाम केलंय का ते विचारा. कायद्याचे मार्गदर्शक पुष्कळदा ग्रंथालयातलं काम करून घेतात आणि व्यवस्थापनाचे मार्गदर्शक प्रश्नावली आणि टक्केवारीवर थांबतात. तुम्हाला दोन्ही लागणार आहे, तर दुसऱ्या शाखेतलं एक माणूस सल्ल्याला धरून ठेवा. विषय नोंदवण्याआधी शोधगंगा या संकेतस्थळावर आधीचे प्रबंध चाळा. तिथे शोधताना 'फेरीवाले', 'पथविक्रेते', 'हॉकर्स' असे सगळे शब्द टाकून पाहा, एकाने सगळं सापडत नाही.

5. बाजारात जाण्याआधी जवळ ठेवायच्या गोष्टी

- महाविद्यालयाचं ओळखपत्र आणि संशोधन केंद्राचं शिफारसपत्र, मराठीत. इंग्रजी पत्र दाखवलं की माणसं बिचकतात.
- नीतिविषयक समितीची मंजुरी, तुमच्या संस्थेत तशी समिती असेल तर. नसेल तर मार्गदर्शकांच्या सहीचं लेखी टिपण.
- एका पानाचं माहितीपत्रक, मोठ्या अक्षरात: तुम्ही कोण, काय विचारणार, नाव कुठेही येणार नाही, बोलायचं नसेल तर केव्हाही थांबता येईल.
- साधी वही आणि दोन पेनं. टॅब घेऊन जाऊ नका.
- ध्वनिमुद्रणासाठी मोबाइल, पण परवानगी मिळेपर्यंत खिशात.
- मूळ कायद्याची मराठी प्रत. कुणीतरी विचारतंच, "हे खरंच लिहिलंय का कुठं?" तेव्हा कलम काढून दाखवता आलं पाहिजे.
- सुटे पैसे. मुलाखतीचा मोबदला म्हणून देऊ नका, पण त्यांच्याकडून भाजी घ्या आणि भाव करू नका.

6. संमती: सही मागण्याआधी विचार करा

पहिल्या आठवड्यात मी गळ्यात ओळखपत्र आणि हातात फाइल घेऊन गेले. तीन-चार बायकांनी पाट्या उचलायला सुरुवात केली. त्यांना मी अतिक्रमणवाली वाटले. फाइल दिसली की मागून गाडी येते, हा त्यांचा अनुभव. तेव्हापासून फाइल घरी ठेवली आणि ओळखपत्र विचारल्यावरच दाखवलं.

छापील संमतीपत्रावर सही किंवा अंगठा मागणं हा विद्यापीठाचा आग्रह असतो, पण कागदावर अंगठा देऊन फसलेल्या माणसांकडून तो घेणं सोपं नाही. नीतिविषयक समितीकडे आधीच तोंडी, ध्वनिमुद्रित संमतीची मुभा मागून घ्या आणि त्याचं कारण लिहून द्या. आदिवासी गावात सरपंचांना आणि शक्य असेल तर ग्रामसभेला आधी सांगा. बचत गटाच्या अध्यक्षांनी 'हो' म्हटलं म्हणजे प्रत्येकीची संमती मिळाली असं धरू नका.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. लोक विश्वासाने रोजच्या 'हप्त्या'बद्दल, सावकाराबद्दल, नोंदणीशिवाय चालणाऱ्या धंद्याबद्दल बोलतात. संशोधकाच्या नोंदींना आपल्याकडे वकील आणि अशिलासारखं गोपनीयतेचं कवच नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली कागदपत्रं हजर करायला सांगता येतं. म्हणून खरी नावं नोंदवहीत लिहूच नका. सांकेतिक क्रमांक वापरा आणि नावांची यादी ठेवायचीच असेल तर वेगळी ठेवून काम संपल्यावर नष्ट करा. नाव बदललं की झालं, असंही नाही. 'अमुक चौकातली व्हीलचेअरवरून चप्पल विकणारी एकमेव महिला' असं लिहिलंत तर अख्ख्या नाशिकला कळेल ती कोण.

7. वेळ आणि प्रश्न

भाजीवाल्यांकडे सकाळी जाऊ नका, बोहनीच्या वेळी तर मुळीच नाही. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा बोलणं होतं. खाण्याच्या गाड्यांवर दुपारी चारच्या आधी जा, तयारी चालू असते आणि हात चालताना तोंडही चालतं. सुरगाणा-पेठच्या गावांमध्ये भात आणि नागलीची कापणी झाली की बरीच कुटुंबं द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. त्या महिन्यांत गावात म्हातारी माणसं आणि पोरंच भेटतात. मोहाचा हंगाम मार्च-एप्रिलचा. वेळापत्रक विद्यापीठाच्या सत्राप्रमाणे लावलंत तर गाव रिकामं सापडेल. शिवाय 2027 च्या सिंहस्थामुळे गोदाकाठी कामं सुरू असताना बसण्याच्या जागा हलत राहणार, तेव्हा प्रत्येक मुलाखतीवर तारीख आणि जागा दोन्ही टाका.

प्रश्न गोष्टीसारखे विचारा. "तुमचं भांडवल किती?" याला उत्तर मिळत नाही. "आज सकाळी माल भरायला किती पैसे नेले होते, ते कुणाकडून आले?" याला मिळतं आणि त्यातच भिशी, पिग्मी, मायक्रोफायनान्सचा हप्ता, नणंदेकडून घेतलेले पाचशे रुपये, सगळं बाहेर येतं. "तुम्हाला कायद्याची माहिती आहे का?" हा प्रश्न वहीतून खोडून टाका. त्याने माणूस खजील होतो आणि तुमच्या प्रबंधात 'जागरूकतेचा अभाव' असा निरुपयोगी निष्कर्ष येतो. "गाडी आली तेव्हा काय केलंत, कुणाला फोन केलात?" असं विचारा. कायदा माणसापर्यंत किती पोचला ते त्या फोनवरून कळतं.

भाषेचाही विचार हवा. बागलाण-मालेगाव पट्ट्यात अहिराणी, सुरगाण्याकडे कोकणा बोलली जाते. बरोबर गावातलीच एखादी मुलगी घ्या आणि तिच्या कामाचे पैसे द्या. मुलाखत ज्या बोलीत झाली त्याच बोलीत आधी देवनागरीत उतरवा, भाषांतर नंतर.

संघटनेच्या पुढाऱ्यांकडून नावं घेतलीत तर त्यांच्या जवळचीच माणसं भेटतील. त्यांची मदत घ्या, पण निम्म्याहून अधिक मुलाखती स्वतः फिरून मिळवा. रांगेच्या टोकाला, सावली नसलेल्या जागी बसलेल्यांकडे आधी जा. नव्याने आलेली, कुणाचंच पाठबळ नसलेली माणसं तिथे बसतात.

8. कार्यालयातली माहिती

महापालिकेचं मुख्यालय राजीव गांधी भवनात आहे. जिल्हा उद्योग केंद्र, माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ), उमेद या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे कक्ष यांच्याकडे आधी साधं पत्र द्या, पोच घ्या आणि पंधरा दिवस वाट पाहा. पुष्कळ वेळा मिळतं. एका कार्यालयात मला तीन महिने फक्त 'साहेब मीटिंगला आहेत' हे ऐकायला मिळालं, तेव्हा माहितीचा अधिकार वापरला.

त्याचं तंत्र आहे. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि साधारण 150 शब्दांत बसवावा लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. उत्तराला 30 दिवस. 'कारवाई का केली नाही?' असं विचारलंत तर 'प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती' म्हणून अर्ज निकाली निघतो. कागद मागा: नगर पथविक्रेता समितीच्या अमुक कालावधीतल्या बैठकांची इतिवृत्तं, दिलेल्या विक्री प्रमाणपत्रांची संख्या, जप्ती नोंदवहीच्या प्रती. पानं फार असतील तर प्रतींऐवजी अभिलेख पाहण्याची परवानगी मागा. पहिल्या तासाला शुल्क नसतं आणि नोंदवह्या स्वतः चाळताना पत्रात न मागितलेलंही पुष्कळ दिसतं. उत्तर न आल्यास पहिलं अपील करा. संशोधनाच्या आराखड्यात या सगळ्यासाठी सहा महिने राखून ठेवा.

9. लिहिताना

दर प्रकरण कायद्याने सुरू करून मुलाखतींनी संपवू नका. कागद, घटना, कलम, निकाल असा क्रम लावून बघा, वाचणारा टिकून राहतो. कायदा लेखन चालू असतानाही बदलतो. दुकाने व आस्थापना कायदा, 2017 आला तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी नुसती सूचना पुरेशी झाली, आणि आधीच्या कायद्यावर लिहिलेली पानं जुनी ठरली. म्हणून प्रत्येक कायद्याच्या उल्लेखाशेजारी 'अमुक तारखेपर्यंतची स्थिती' असं लिहा आणि सादर करण्याच्या महिन्यात सगळी कलमं पुन्हा तपासा. फौजदारी कलमांत ही चूक आता फार होते. रस्त्यात अडथळा केल्याचं भारतीय दंड संहितेचं कलम 283 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 285 झालं आहे, पण घटना त्याआधीची असेल तर जुनंच कलम लिहायचं.

साहित्यचोरीच्या 2018 च्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. कायद्याच्या प्रबंधात कलमांचा मजकूर जसाच्या तसा येतो, तो परिशिष्टात टाका.

10. परत जा

प्रबंध सादर झाला की निष्कर्षांचं दोन पानी मराठी पत्रक करा आणि ज्यांच्या पिशव्या उघडल्या त्यांच्याकडे घेऊन जा. त्यात तुमच्या शिफारशी नकोत. जप्तीच्या वेळी मालाची यादी मागा, माल परत मागणारा अर्ज असा लिहा, चिठ्ठीची शाई उडण्याआधी झेरॉक्स काढून ठेवा, उद्यम नोंदणीला कुणालाही पैसे देऊ नका, एवढंच असू दे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता ठळक अक्षरात द्या. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, आणि ते मी भेटले त्यांतल्या जवळजवळ कुणालाच ठाऊक नव्हतं.

पत्रक वाटायला बुधवारीच जा, दुपारी तीनच्या सुमारास. मोठ्याने वाचून दाखवा, कारण पुष्कळ जणींना वाचता येत नाही आणि वाचता येतं का हे चारचौघींत विचारायचं नसतं. मी गेले तेव्हा त्या मावशींनी पत्रक दोनदा ऐकलं, घडी घातली, रबर सोडलं आणि पिशवीत टमाट्यांच्या पावतीखाली ठेवलं.